पंगत

मागच्या महिन्यात लातूरला मावशीकडे गेले होते. पहिला रविवार होता, म्हणून तिच्यासोबत तिच्या मेथडिस्ट चर्चला गेले. (नव्या वाचकांसाठी: माझं माहेर मेथडिस्ट, सासर नांदेडचं आणि कॅथलिक. लग्नानंतर मी मिस्सेला जायला लागले ती लागलेच.) मावशीच्या चर्चमध्ये प्रभुभोजन महिन्यातून एकदा असतं. पावाचा तुकडा आणि औषधाच्या टोपणाएवढ्या पेल्यात द्राक्षाचा रस. आमच्याकडे प्रत्येक मिस्सेला ख्रिस्तप्रसाद.

घरी येताना रिक्षात मावशी म्हणाली, "तुमचं रोजचंच गं माय. रोजच्या भाकरीचं कोणाला काय कौतुक?"

मी म्हटलं, "मावशी, रोज लागते म्हणूनच तर ती भाकर."

ती हसली, पण तिचा मुद्दा डोक्यात राहिला. खरंच, आमच्यातले किती जण प्रवचन संपता संपता येतात, प्रसाद घेतात आणि शेवटचं गीत व्हायच्या आत गाडीला किक मारतात! मिस्सेच्या शेवटी वाढदिवस, बक्षिसं, सहलीची वर्गणी यांच्या घोषणाच इतक्या होतात की कधी कधी वाटतं, मुख्य कार्यक्रम तोच. असो.

लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. आमच्याकडे एक काका नेहमी मागच्या बाकावर बसतात. (गाव, नातं मुद्दाम सांगत नाही.) सगळी गीतं पाठ. पण प्रसादाची रांग लागली की ते जागचे उठत नाहीत. माझ्या मुलीने एकदा विचारलं, "ते का नाही जात?" मी म्हटलं, "त्यांचा बाप्तिस्मा झालेला नाही." तिचा पुढचा प्रश्न, "मग का करत नाहीत?" याचं उत्तर लहान मुलीला कसं देणार?

उत्तर कागदात आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये त्यात शीख आले, 1990 मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. मांग किंवा महार घरातल्या माणसाने बाप्तिस्मा घेतला की दाखला गेला, आणि दाखल्याबरोबर लेकराची शिष्यवृत्ती आणि राखीव जागा. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका बाईंचा दावा फेटाळला, तेव्हा त्यांचा बाप्तिस्मा आणि चर्चला जाणं, दोन्ही विचारात घेतलं. काकांच्या घरात दोन मुलं शिकतायत. ते उठत नाहीत यात मला तरी काही नवल वाटत नाही.

आणि गंमत बघा, जात मोडायची म्हणून तर ही पंगत आपल्याकडे आली! 1843 मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला-जेवला होता. कोर्टाने पोराला बापाच्या ताब्यात दिलं, पण त्याला जातीत परत घ्यायचं की नाही यावरून केवढा गदारोळ झाला. प्रायश्चित्त देऊन घ्या म्हणणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनाही सनातन्यांचा रोष पत्करावा लागला. जेवणाची ही एवढी किंमत! तोच नारायण पुढे आपल्या मराठवाड्यात आला, जालन्याजवळ त्याने बेथेल वसवलं आणि मांग-महारांतून ख्रिस्ती झालेल्यांबरोबर प्रभूच्या मेजाला बसला. आज आपल्याला त्यात काही विशेष वाटत नाही. तेव्हा त्या एका घासाने घरदार तुटायचं.

नांदेडकरांना हे वेगळं सांगायला नको. हजूर साहिबला लंगरमध्ये कोणीही जाऊन बसावं, कोणी नाव-जात विचारत नाही. माझी शेजारीण मला म्हणाली, "त्यांच्याकडे सगळ्यांना वाढतात, मग तुमच्याकडेच अट का?" चांगलाच अडकवणारा प्रश्न. मला विचाराल तर अट असावी. लंगर भुकेल्याला वाढतं. ख्रिस्तप्रसाद घेणारा मात्र 'आमेन' म्हणून सांगतो की मी या शरीराचा अवयव आहे. ते सहज वाटण्यासारखं नाही. पण अट ठेवली म्हणजे न उठणाऱ्याची जबाबदारी संपत नाही, उलट वाढते. पौलाने करिंथकरांना याच कारणासाठी झापलं होतं. प्रभुभोजनाला जमायचं आणि एकाने पोटभर खायचं, दुसऱ्याने उपाशी बसायचं! तेव्हा प्रभुभोजनाबरोबर खरंखुरं जेवणही असायचं. ते पुढे सुटलं आणि आपल्याकडे फक्त रांग उरली.

2020 मध्ये मार्चपासून दिवाळी पाडव्यापर्यंत देवळं, चर्च बंद होती. आम्ही मोबाईलवर मिस्सा पाहिली. शब्द ऐकू यायचे, फादर दिसायचे, घास मात्र नाही. त्या आठ महिन्यांत मला काकांचा बाक समजला. समोर सगळं चाललंय आणि आपला हात रिकामा. आमचे आठ महिनेच होते. त्यांची किती वर्षं झाली?

म्हणून आमच्या पॅरिशच्या बैठकीत मी सुचवलं, महिन्यातून एकदा मिस्सेनंतर अंगणात सतरंज्या टाकू, खिचडी-कढी करू, सगळ्यांनी पंगतीला बसायचं. ख्रिस्तप्रसादाच्या जागी नाही, त्याच्या पाठोपाठ. लगेच प्रश्न सुरू झाले. गॅसचा खर्च कोण देणार, भांडी कोण घासणार, "लोक फुकटचं खायला येतील." (येऊ देत की!) फादर काही बोलले नाहीत, पण वहीत लिहून घेतलं.

मावशीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "मोठं पातेलं माझ्याकडे पडून आहे, येऊन घेऊन जा." पुढच्या शनिवारी लातूरला जातेय. काकांना अजून काही सांगितलेलं नाही. कढी त्यांना करता येते असं ऐकलंय, तेव्हा आधी तेच विचारेन.