ज्वारीतली साखर कोणाची?



भाकरीचा घास न गिळता तोंडात घोळवत ठेवा. थोड्या वेळाने तो गोड लागतो, कारण लाळ पिठाची साखर करते. दाणा भिजवून मोड आणला की हेच काम दाण्याच्या पोटात सुरू होते. मोडाबरोबर विकर तयार होतो आणि पिठूळ सत्त्वाची माल्ट साखर करतो. आमच्या आया नाचणीला मोड आणून सत्त्व करतात ते याच जोरावर. जव-गव्हाचा माल्ट हॉर्लिक्सच्या बाटलीत भरला की त्याची किंमत कुठल्या कुठे जाते. त्याच साखरेला यीस्ट लावले की बिअर, पुढे भट्टीतून काढले की व्हिस्की. इतकेच काय, तुमच्या कापसाच्या सुताला मागावर चढवण्याआधी जी खळ लावतात, ती कापडातून काढायलाही गिरण्या माल्टचा विकर वापरीत.

कुंडलला क्रांती कारखान्याचे धुराडे उभे आहे. उसातली साखर मोजली जाते, उताऱ्यावर दर ठरतो, 14 दिवसांत पैसे द्या असे 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. (पाळतात किती, ते ऊसवाल्यांना विचारा.) मग याच जिल्ह्यातल्या जत-आटपाडीच्या माळावरच्या ज्वारीतली साखर कोणी मोजली? हमीभाव कागदावर. खरेदी केंद्र उघडेपर्यंत माल व्यापाऱ्याच्या वखारीत. आणि खरिपाच्या हायब्रीडला काढणीत पाऊस लागला की दाणा काळा पडतो, तो खायला नालायक म्हणून मातीमोल जातो. भट्टीला मात्र तो चालतो! सत्त्व कुठे काळे पडते?

2007 साली राज्य सरकारने धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना लिटरमागे 10 रुपये अनुदानाची योजना आणली. काळी ज्वारी खपेल, कोरडवाहू शेतकऱ्याचे भले होईल, असे कारण सांगितले. नाव आमचे आणि अनुदान लिटरवर! क्विंटलवर का नाही? लिटर कोणाचे आणि क्विंटल कोणाचे, हे सांगायला पंडित लागत नाही.

डॉ. अभय बंग आणि इतरांनी धान्याच्या दारूला कडाडून विरोध केला. दारूने बसलेली घरे आम्हीही पाहिली आहेत. 1943 ते 1946 प्रतिसरकार चालवणाऱ्या या मुलखात उभे राहून आम्ही भट्टीची वकिली करणार नाही. पण नुसते दारू नको म्हटल्याने काळ्या ज्वारीला भाव येत नाही. तिचे इथेनॉल पेट्रोलमध्ये जाऊ द्या, पण दर आधी क्विंटलवर ठरवा.

चांगल्या दाण्याचे काय? 1988 साली नायजेरियाने जवाची आयात बंद केली, तेव्हा तिथल्या बिअर कारखानदारांना ज्वारी आणि मक्याकडे वळावे लागले. म्हणजे ज्वारीचा माल्ट होतो, फक्त गरज पडावी लागते. बिअर राहू द्या, खाण्याचा माल्ट करा. मात्र ज्वारीचे मोड मटकीसारखे खाऊ नका. कोवळ्या ज्वारीची किराळ जनावराला मारते, तेच विष कोंबात असते. मोड वाळवून, कोंब-मुळ्या चोळून काढूनच दळावे लागते. हे तंत्र गावात आणायला सरकारने एका भट्टीच्या अनुदानाइतका तरी पैसा कधी दिला?

बैठकीला येताना गेल्या 3 हंगामांच्या ज्वारीच्या पट्ट्या आणा. काळा माल कोणत्या दराने गेला आणि आडत-हमाली किती कापली, ते समोर मांडू. तालुकावार बेरीज करून तीच मागणीपत्राला जोडायची आहे.