तोललेल्या दगडाखालची फट

जबलपूरच्या मदनमहाल टेकडीवर ग्रॅनाइटचा एक प्रचंड धोंडा खालच्या दगडाला जेमतेम टेकून उभा आहे. ‘बॅलन्सिंग रॉक’ म्हणून तो प्रसिद्ध आहे. 22 मे 1997 रोजी पहाटे जबलपुरात भूकंप झाला, घरे पडली, माणसे गेली, पण हा धोंडा जागचा हलला नाही. त्याचे नवल आकारात नाही, तो किती थोड्या जागेवर टेकला आहे यात आहे. तरीही त्याच्या बहुतेक फोटोंत धोंडा चौकटभर पसरलेला असतो, पुढे हसरे कुटुंब उभे असते आणि दोन दगडांमधली फट नेमकी माणसांच्या पाठीमागे जाते. चार पावले बाजूला सरकून कॅमेरा खाली घेतला, तर ती फट दिसू लागते आणि धोंड्याचे वजन डोळ्यांना जाणवते. तिथे काहीच नाही, पण तोल दाखवते ती तीच जागा.

फोटोतल्या विषयाला धन अवकाश आणि भोवतालच्या मोकळ्या जागेला ऋण अवकाश म्हणतात. ‘ऋण’ म्हटले की काहीतरी कमी असल्यासारखे वाटते, हे त्या शब्दाचे दुर्दैव. वारली चित्रात तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवतीची नाचणाऱ्यांची रांग यांच्यामध्ये गेरूची जमीन मोकळी सोडलेली असते. ती भरून टाकली तर नाच थांबेल. मोबाइलचा पोर्ट्रेट मोड मात्र वेगळेच काम करतो. तो मागची बाजू पुसट करतो. मोकळ्या जागेला स्वतःचा आकार असतो, पुसट केलेल्या जागेला तो राहत नाही. भेडाघाटच्या धुआंधार धबधब्यावर मोकळी जागा अशी हरवण्याचा दुसरा नमुना दिसतो. समोर सगळे पांढरे तुषार असले की कॅमेरा त्यांना मधल्या करड्या छटेचे समजतो आणि फोटो मळकट येतो. एक्स्पोजर एक-दीड स्टॉपने वाढवले की तुषार पुन्हा पांढरे होतात आणि काठावरचा माणूस त्यांच्यापुढे इवलासा दिसतो. रिकाम्या जागेचीही अशी मेहनतीने निगा राखावी लागते.

यावर हरकत अशी की आपला देश गर्दीचा. जबलपूरच्या कांचघरसारख्या वस्तीत तारा, पाट्या आणि दुचाक्यांमधून मोकळी जागा आणायची कुठून? ती शोधणे म्हणजे खऱ्या रस्त्याकडे पाठ फिरवणे नव्हे का? छायाचित्रकार रघुबीर सिंह यांच्या कामात याचे उत्तर आहे. भरगच्च, रंगीत भारत त्यांनी आयुष्यभर टिपला. अ‍ॅम्बॅसडर गाडीतून टिपलेल्या त्यांच्या मालिकेत गाडीचे दार, खिडकीची कड, आरसा हे गर्दीचे तुकडे पाडतात आणि नजरेला टेकायला जागा देतात. मोकळी जागा म्हणजे आभाळच असायला हवे असे नाही. बंद शटर, भिंतीची सावली, ट्रकची पाठही चालते. दुसरी हरकत मला जास्त पटते. धुक्यात एकच झाड, पाण्यावर एकच होडी असे फोटो आज इतके झाले आहेत की रिकामेपणाचीच शोभा झाली आहे. कसोटी सोपी आहे: मोकळी जागा निम्मी कापून पाहावी. फोटो तेवढेच सांगत असेल, तर ती जागा उगाच ठेवलेली होती.

ही कात्री आम्हा वृत्तपत्रांच्या हातातही असते. पानावर जागा महाग, म्हणून फोटो ‘विषयापर्यंत’ कापला जातो. भेडाघाटला संगमरवरी कड्यांमधून जाणाऱ्या नावेचा फोटो असा कापला की नाव आणि प्रवासी ठळक दिसतात, पण कडे किती उंच आणि मधले पाणी किती निरुंद, हे कचऱ्याच्या पेटीत जाते. मग ती नाव कुठल्याही तलावातली असू शकते. म्हणून माझी मागणी साधी आहे: छायाचित्रकाराला न विचारता त्याची चौकट कापू नये, आणि जागा नसेलच तर दुसरा फोटो निवडावा.