हा पोरखेळ नव्हे

उन्हाळ्याची सुटी लागली की आमच्या पुण्यातील टेनिसच्या मैदानांवर उजाडण्यापूर्वीच चेंडूंचे ठोके ऐकू येऊ लागतात. फाटकाबाहेर पाण्याची बाटली आणि टॉवेल सांभाळीत उभे राहिलेले आईबाप, आणि आत स्वतःच्या उंचीच्या मानाने भलतीच मोठी पिशवी खांद्यावर टाकून निघालेली दहा-बारा वर्षांची मुले, हे दृश्य आता केवळ श्रीमंत वस्त्यांपुरते राहिलेले नाही. या आईबापांपैकी कोणालाही विचारा, विंबल्डनचा विजेता ते झोपेतही सांगतील. मात्र सोळा वर्षांखालील मुलांसाठी डेव्हिस चषकाची आणि मुलींसाठी बिली जीन किंग चषकाची कुमार आवृत्ती दरवर्षी भरते, चौदा वर्षांखालील मुलामुलींचीही अशीच जागतिक सांघिक स्पर्धा होते, हे त्यांतील फारच थोड्यांना ठाऊक असते. दोष त्यांचा नाही. आम्ही वृत्तपत्रवालेच ही बातमी क्रीडापृष्ठाच्या तळाशी चार ओळींत उरकीत आलो आहोत. आज ती पहिल्या पानावर आणण्यास कारण आहे.

या स्पर्धा नव्या नाहीत. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने 1985 साली सोळा वर्षांखालील मुलामुलींसाठी ‘वर्ल्ड यूथ कप’ सुरू केला. पुढे त्यालाच थोरल्या चषकांची नावे मिळाली. चौदा वर्षांखालील मुलांची ‘वर्ल्ड ज्युनियर टेनिस’ ही स्पर्धा 1991 साली निघाली, आणि तिची अंतिम फेरी 1999 पासून चेक प्रजासत्ताकातील प्रोस्तेयोव्ह या, आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या ठिकाणाएवढ्या गावी भरत आली आहे. रचना अगदी साधी आहे. खंडाखंडांतून पात्रतेच्या लढती होतात आणि सोळा संघ अंतिम फेरीस येतात. प्रत्येक संघात तीन खेळाडू आणि एक न खेळणारा कर्णधार. दोन एकेरी सामने, एक दुहेरी. एकेरीत बरोबरी झाली तर सगळा निकाल दुहेरीवर.

या साध्या रचनेचे मोल कळण्यासाठी एरवी कुमारवयातील टेनिस कसे असते ते पाहिले पाहिजे. इतका एकलकोंडा खेळ दुसरा क्वचितच असेल. क्रिकेटमध्ये शून्यावर बाद झालेला मुलगा दहा जणांच्या मागे लपू शकतो. टेनिसमध्ये लपावयास जागा नसते. कुमार गटाच्या कित्येक सामन्यांत रेषांवर पंचही नसतात. प्रतिस्पर्ध्याचा चेंडू आत पडला की बाहेर हे बारा वर्षांच्या पोराने स्वतःच सांगावयाचे, आणि तेही सामना हातचा जात असताना! मोठमोठ्यांची सदसद्विवेकबुद्धी जेथे डळमळते तेथे आपण या मुलांना रोज उभे करतो. खेळ चालू असता मार्गदर्शकाने एक शब्दही बोलू नये असा दंडक वर्षानुवर्षे होता. अलीकडे तो सैल झाला असला तरी चुका मोजावयाच्या आणि रडू आवरावयाचे ते एकट्यानेच. सामना संपला की मोटारीत बसून घरी परतेपर्यंत वडिलांचे व्याख्यान ऐकावयाचे हे ओघाने आलेच.

सांघिक स्पर्धेत हे चित्र पालटते. बाजू बदलताना तो मुलगा खुर्चीवर येऊन बसतो तेव्हा शेजारी कर्णधार असतो. मैदानालगत दोन सोबती असतात. त्याचा पराभव त्याच्या एकट्याचा उरत नाही आणि विजयही एकट्याचा उरत नाही. दुहेरीची गोष्ट तर याहून वेगळी. गेल्याच महिन्यात ज्याच्याविरुद्ध आपण क्रमवारीतील गुणांसाठी भांडलो, ज्याचा चेंडू ‘बाहेर’ म्हटल्याबद्दल ज्याच्याशी दोन दिवस बोललो नाही, त्याच्याच खांद्याला खांदा लावून जाळीपाशी उभे राहावयाचे. आमच्या मते या स्पर्धांतील सर्वांत कठीण काम तिसऱ्या खेळाडूचे असते. तोही हजारो मैल प्रवास करून आलेला असतो, त्यानेही राष्ट्राच्या रंगाचा पोशाख चढविलेला असतो, आणि कदाचित सबंध आठवड्यात त्याच्या वाट्याला एखादाच सामना येतो. त्याने बाकावर बसून टाळ्या वाजवावयाच्या आणि हाक येताच तयार असावयाचे. हे शिकविणारा दुसरा वर्ग कुमार टेनिसमध्ये नाही.

इतिहासाकडे पाहिले तर थोरांची नावे या स्पर्धांत आढळतात. 1996 साली झुरिक येथे पंधरा वर्षांचे रॉजर फेडरर आणि लेटन ह्यूइट समोरासमोर आले, आणि तीन सेटच्या झुंजीनंतर फेडरर जिंकला. 2002 साली हा चषक स्पेनने पटकाविला तेव्हा त्या संघात राफाएल नदाल होता; 2018 च्या विजयी स्पॅनिश संघात कार्लोस अल्काराझ होता. 2016 साली पोलंडच्या मुलींनी विजेतेपद मिळविले तेव्हा इगा श्वियाँतेक त्यांच्यात होती. ही यादी लांबविता येईल, पण तिने कोणी फार हुरळून जाऊ नये. या चषकाने फेडरर घडविला असे म्हणणे म्हणजे पंढरीच्या वाटेने ज्ञानेश्वर घडविले असे म्हणण्यासारखे होईल. त्याच संघांतील कित्येक मुलांची नावे आज त्यांच्या गावाबाहेर कोणास ठाऊक नाहीत.

आम्हांस अधिक बोलके वाटते ते कॅनडाचे उदाहरण. बर्फात गोठणारा हा देश टेनिसचा म्हणून कधी गणला जात नसे. 2015 साली माद्रिद येथे त्याच्या मुलांनी ज्युनियर डेव्हिस चषक प्रथमच जिंकला. संघात फेलिक्स ओझे-आलियासीम आणि डेनिस शापोवालोव्ह होते. सात वर्षांनी, 2022 च्या नोव्हेंबरात, मालागा येथे ऑस्ट्रेलियाला नमवून कॅनडाने खुद्द डेव्हिस चषक प्रथमच जिंकला, आणि अंतिम सामन्यात एकेरी खेळले ते हेच दोघे. ज्या पोरांनी एकत्र प्रवास केला, एकत्र हार पचविली, त्यांनाच राष्ट्राने एकत्र वाढू दिले. यात चमत्कार काही नाही, सातत्य आहे.

आता आपल्याकडे वळू. कुमार टेनिसमध्ये भारत दरिद्री आहे असे म्हणता येणार नाही. रामनाथन कृष्णन यांनी 1954 साली विंबल्डनचे कुमार विजेतेपद मिळविले. त्यांचे चिरंजीव रमेश यांनी 1979 साली. लिअँडर पेस यांनी 1990 साली. युकी भांबरी 2009 साली ऑस्ट्रेलियन खुल्या स्पर्धेत कुमार विजेता ठरला. परंतु या नावांमागे काय होते ते पाहा. कृष्णन घराण्यात आजोबा, बाप आणि मुलगा असा तीन पिढ्यांचा व्यासंग होता. पेसच्या मागे मद्रासची ब्रिटानिया अमृतराज अकादमी होती. एका उद्योगाचा पैसा आणि एका थोर खेळाडूची कळकळ तेथे एकत्र आली होती. म्हणजे घराणे तरी हवे, नाही तर धनी तरी हवा. ज्यास दोन्ही नाहीत त्याने काय करावे, याचे उत्तर आपल्या व्यवस्थेने अद्याप दिलेले नाही. सोळा वर्षांखालील मुलांचा सांघिक चषक 1985 पासून अनेक देशांनी नेला. भारताच्या नावावर तो लागला नाही, हे या संदर्भात ध्यानी घेण्याजोगे आहे.

आणि गंमत अशी की आपल्या टेनिसचे खरे वैभव सांघिकच आहे. 1966 साली कलकत्त्यास ब्राझीलविरुद्ध बरोबरी झालेली असताना अखेरच्या सामन्यात कृष्णन यांनी हातचा गेलेला डाव थॉमस कोखकडून खेचून आणला आणि भारत डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीस गेला. मेलबर्नला आपण ऑस्ट्रेलियाकडून हरलो; पण तेथे मिळालेला एकमेव गुण दुहेरीचा होता, कृष्णन आणि जयदीप मुखर्जी यांनी न्यूकोम्ब-रोश या जोडीला हरवून मिळविलेला. 1974 साली तर सबंध संघाने, वर्णद्वेष्ट्या दक्षिण आफ्रिकेशी खेळावयाचे नाही या राष्ट्राच्या निर्णयाबरोबर राहून, दाराशी आलेल्या चषकावर पाणी सोडले. 1987 साली पुन्हा अंतिम फेरी, पुन्हा पराभव. एकट्या खेळाडूच्या हातून जे घडले नसते ते संघाकडून घडले, हा वारसा ज्या देशाचा आहे त्याने मुलांच्या सांघिक स्पर्धांकडे दुर्लक्ष करावे हे आम्हांस समजत नाही.

चौदा वर्षांच्या मुलांच्या खांद्यावर राष्ट्राचा झेंडा देणे हा अन्याय आहे, असे काही विचारवंत म्हणतील. आक्षेप अगदीच पोकळ नाही. जेनिफर कॅप्रिआती 1990 साली तेराव्या वर्षी व्यावसायिक झाली, चारच वर्षांत खेळापासून दूर गेली, आणि 2001 साली ऑस्ट्रेलियन स्पर्धा जिंकून परतली, ही कथा सर्वश्रुत आहे. अल्पवयीन मुलींच्या स्पर्धांच्या संख्येवर मर्यादा आल्या त्या अशाच अनुभवांनंतर. पण तिला ओझे झाला तो झेंडा नव्हे. पैसा, जाहिरातदार आणि घरच्यांच्या अपेक्षा यांनी तिला वाकविले. झेंडा तिघांत वाटून घेता येतो. बापाचे कर्ज वाटून घेता येत नाही.

कर्ज हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला आहे. प्रशिक्षकाचे शुल्क, रॅकेटच्या तारा, गावोगावचा प्रवास, मुक्काम, सोबत जाणाऱ्या आईची बिनपगारी रजा, आणि वरच्या दर्जाचे गुण हवे असतील तर परदेशवाऱ्या, हा सगळा भार आजमितीस बहुधा घरावरच पडतो. क्रमवारीतील गुण जेथे प्रवासाने मिळतात तेथे क्रमवारी ही काही अंशी पाकिटाचीच क्रमवारी होते. राष्ट्रीय संघ हा एकच दरवाजा असा असू शकतो की जेथे राष्ट्र स्वतः खर्च करील आणि गुण पाहील. म्हणून तो दरवाजा किती जणांना दिसतो, त्याची कडी कोणाच्या हाती आहे आणि निवड कोणत्या निकषावर झाली, हे अखिल भारतीय टेनिस संघटनेने दरवर्षी निवडीपूर्वीच छापून जाहीर करावे अशी आमची मागणी आहे. चाचणी सामने व्हावेत, त्यांचे निकाल सर्वांस पाहता यावेत, आणि निवडलेल्या तिघांना स्पर्धेपूर्वी विमानतळावर पहिल्यांदा भेटावे न लागता काही आठवडे एकत्र राहता यावे.

आम्ही शाळेत शिकवीत होतो त्या काळची एक आठवण येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. नववीच्या वर्गात शेवटच्या बाकावर टेनिस खेळणारा एक मुलगा बसे. बसे म्हणजे हजर असे तेव्हा. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणांची रांग लागलेली होती आणि आमच्या तोंडून त्याला बोल लागत. एका वर्षी शाळांच्या सांघिक स्पर्धेसाठी संघ पाठवावयाचा ठरले. राखीव म्हणून गेलेला एक बुजरा मुलगा ऐन वेळी दुहेरीत याच्यासोबत उतरला आणि ते दोघे हरले. पुष्कळ वर्षांनी तो शेवटच्या बाकावरचा विद्यार्थी भेटला तेव्हा टेनिस केव्हाच सुटले होते. जिंकलेल्या चषकांविषयी त्याने अवाक्षर काढले नाही. त्या हरलेल्या दुहेरीविषयी अर्धा तास बोलत होता, आणि तो बुजरा जोडीदार आजही त्याच्या घरी येतो जातो. आम्ही त्यावेळी दिलेले बोल त्याला आठवत नव्हते, आम्हांस आठवत होते.

राज्याचे शिक्षण मंडळ खेळाडूंना दहावी-बारावीस सवलतीचे गुण देते, हे चांगलेच आहे. पण खेळणाऱ्या मुलाला गुणांहून वेळ अधिक हवा असतो. बुडालेले तास भरून देण्याची शाळेची जबाबदारी, पुढे ढकललेली चाचणी परीक्षा, प्रवासात सोबत नेता येईल असा अभ्यास, एवढे झाले तर ‘शाळा की टेनिस’ हा तेराव्या वर्षीचा निष्ठुर प्रश्न पुष्कळ घरांतून निघून जाईल. तो निघाला नाही तर मधल्या परिस्थितीची, हुशार आणि सावध आईबापांची मुले पंधराव्या वर्षी रॅकेट माळ्यावर टाकतील, आणि आपण पुन्हा घराण्याची किंवा धन्याची वाट पाहत बसू.

या शहरास याबाबतीत पूर्वपुण्याई आहे. 1920 साली अँटवर्प ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय चमूची कल्पना पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडामेळाव्यात उगवली. अनवाणी धावणारे शेतकऱ्यांचे मुलगे पाहून जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांना वाटले की यांना जगापुढे नेले पाहिजे, आणि त्यांनी नेले. आज मागणी तितकी मोठीही नाही. दुपारी बारा ते चार शहरातील बहुतेक क्लबांची टेनिस मैदाने रिकामी असतात. मुंबईतील कित्येक जिमखाने तर सरकारी भाडेपट्ट्याच्या जमिनीवर उभे आहेत. त्यांनी पावसाळा सरल्यावर हिवाळ्यातील दुपारचे दोन तास शाळांना द्यावेत, आणि दोन एकेरी व एक दुहेरी अशाच पद्धतीने शाळाशाळांचे सामने भरवावेत. प्रत्येक संघात तीन मुले, त्यांत एक तरी नगरपालिकेच्या शाळेतून घेतलेले, आणि कर्णधाराच्या खुर्चीवर त्यांचाच एखादा शिक्षक. यंदाच्या दिवाळीनंतर असा पहिला सामना भरविण्यास जो क्लब पुढे येईल, त्याचा निकाल आम्ही तळाच्या चार ओळींत नव्हे, याच पानावर छापू.