डॉमिनोचे ठिपके

परवा मित्राचा फोन. "अरे, डॉमिनोचे ठिपके फिके पडलेत, कुठलं औषध टाकू?" म्हटलं, बाबा रे, काही टाकू नकोस, मासा मोठा झालाय! डॉमिनो डॅमसेल पिल्लू असतानाच काळाकुळकुळीत, वर तीन पांढरे ठिपके. वाढला की काळा राखाडी होतो, कपाळावरचा ठिपका पुसला जातो. १४ सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि टाकीतल्या बाकीच्यांना झोडपतो, ते वेगळंच. दुकानदार हे सांगेल तर शपथ! पण आपण तरी काय? मोबाईल घेताना दहा रिव्ह्यू वाचतो, जिवंत प्राणी घेताना फक्त रंग बघतो. सीएमएफआरआयच्या शास्त्रज्ञांनी याची पैदास करून दाखवलीय. तरी आपला मासा तसला की प्रवाळातून पकडलेला, कधी विचारलंय? असो. मित्र आता विचारतोय, दुकानदार बदलून देईल का...