जगाचे प्रश्न पाठांतरासाठी नाहीत

नववी झालेल्या कुठल्याही मुलाला विचारा, जगापुढे आज कोणते प्रश्न आहेत? तो एका दमात सांगून मोकळा होईल : मानवी हक्क, पर्यावरणाचा ऱ्हास, दहशतवाद आणि निर्वासित. बालभारतीने २०१७ साली काढलेल्या नववीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात 'आंतरराष्ट्रीय समस्या' असे प्रकरणच घातले होते. प्रकरण घातले हे चांगलेच झाले. पण बहुतेक वर्गांत त्याचे पुढे काय झाले? गुरुजींनी उत्तरे फळ्यावर लिहिली, मुलांनी ती वहीत उतरवली आणि परीक्षेत जशीच्या तशी ओतली. निर्वासिताला घर का सोडावे लागते, त्याला आपल्या देशात आसरा द्यावा की न द्यावा आणि यावर तुझे स्वतःचे मत काय, हे त्या मुलाला कोणी विचारले नाही.

त्याच वयाची दुसरी मुले काय करतात ते पाहा. मोठ्या शहरांतील महागड्या इंग्रजी शाळांत 'मॉडेल युनो' भरते. कोणी फ्रान्सचा प्रतिनिधी होतो, कोणी ब्राझीलचा. मुले ठराव मांडतात, दुरुस्त्या सुचवतात, एकमेकांना अडवतात आणि तडजोडही करतात. पंधराव्या वर्षी ज्या मुलाला सभेत उभे राहून मत मांडण्याची सवय लागते, तोच पुढे मुलाखतीत, कोर्टात, विधिमंडळात आणि वाहिन्यांवर बोलतो. झेडपीच्या शाळेतला, आश्रमशाळेतला, पालिकेच्या शाळेतला मुलगा मात्र खाली बसून ऐकतो. बोलण्याची सवय हीसुद्धा एक मालमत्ता आहे आणि तिचेही वाटप या देशात विषमच झाले आहे. म्हणून वर्गातली चर्चा हा आम्हांला शिक्षणतज्ज्ञांच्या शिबिरातला हौशी विषय वाटत नाही. तो हक्काचा प्रश्न आहे.

जगाचे प्रश्न आपल्याला परके आहेत, असेही कोणी समजू नये. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिले तेव्हा ते अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केले. पुण्यात बसून त्यांना अटलांटिकपलीकडचा प्रश्न आपला वाटला. बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहून, तिकडचे कृष्णवर्णीय युनोकडे जो अर्ज करीत होते त्याच्या प्रती मागितल्या. अस्पृश्यांनाही तो मार्ग पत्करता येईल का, याचा विचार त्यांच्या मनात होता. त्याच १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. तेथे विद्यार्थ्यांची संसद भरत असे आणि १९५० साली त्या संसदेपुढे बाबासाहेब स्वतः हिंदू कोड बिलावर बोलले. कोलंबिया विद्यापीठात ते ज्यांच्या वर्गात बसले ते जॉन ड्युई लोकशाहीला केवळ राज्यकारभाराची पद्धत मानत नव्हते, एकत्र जगण्याची रीत मानत होते. ही रीत पाठ करून येत नाही, करून पाहावी लागते.

मग करावे काय? प्रोजेक्टर नको, ब्लेझर नको, फी नको. तीन प्रकार आम्ही सुचवतो.

पहिला प्रकार चिंचोक्यांचा. शंभर चिंचोके घ्या आणि वर्गात तीस मुले आहेत असे धरा. चिंचोके म्हणजे जगातली सारी संपत्ती आणि तीस मुले म्हणजे जगातली सारी माणसे. आता २०२२ च्या जागतिक विषमता अहवालातील आकड्यांप्रमाणे वाटप करा. तीन मुलांच्या ओंजळीत शहात्तर चिंचोके जातील. पुढच्या बारा मुलांना मिळून बावीस येतील. उरलेल्या पंधरा मुलांना, म्हणजे अर्ध्या वर्गाला मिळून, दोन. आता गुरुजींनी गप्प बसावे आणि मुलांना बोलू द्यावे. हे तिघे जास्त कष्ट करतात का? हे चिंचोके त्यांच्याकडे आले कसे? वारशाने, लुटीने, की हुशारीने? कायद्याने काही बदलता येईल का? कोणी म्हणेल सगळे सारखे वाटा. कोणी म्हणेल तसे केले तर कष्ट कोण करील? दोन्ही बाजू निघू द्याव्यात. तासाच्या शेवटी एकच प्रश्न फळ्यावर लिहावा : आपल्या गावातली जमीन अशीच चिंचोक्यांनी वाटून दाखवली, तर कोणाच्या ओंजळीत किती येतील?

दुसरा प्रकार सुरक्षा परिषदेचा. पंधरा मुले गोलात बसवा. त्यांतली पाच कायमची सभासद : अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन व फ्रान्स. महत्त्वाचा ठराव मंजूर व्हायला नऊ मते लागतात, पण या पाचांपैकी एकाने जरी 'नाही' म्हटले तरी ठराव पडतो. हाच तो व्हेटो, म्हणजे नकाराधिकार. आता खरे ठराव मांडा. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवरील हल्ल्याच्या निषेधाचा ठराव आला. अकरा मते बाजूने पडली, एकट्या रशियाने नकार दिला आणि ठराव पडला. भारत त्या वेळी परिषदेत होता, तो तटस्थ राहिला. डिसेंबर २०२३ मध्ये गाझात युद्धबंदी करावी असा ठराव आला. तेरा मते बाजूने पडली, एकट्या अमेरिकेने नकार दिला आणि तोही ठराव पडला. मुलांनी ही दोन्ही मतदाने वर्गात करून पाहावीत. एकाच देशाचे उदाहरण दिले तर ती चर्चा राहणार नाही, प्रचार होईल. दोन्ही दिल्यावर मूल स्वतःच विचारते की तेरा जणांपेक्षा एक मोठा कसा? भारताने तटस्थ राहणे योग्य होते का? एका माणसाच्या नकाराने सगळ्यांचे काम अडते, असे आपल्या गावात कुठे घडते का? ग्रामसभा पाहिलेल्या मुलाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.

तिसरा प्रकार बाजू बदलण्याचा. वर्गाचे दोन गट करा आणि प्रश्न ठेवा : जात हा भारताचा घरचा प्रश्न की जगाचा? २००१ साली दरबानच्या वंशभेदविरोधी परिषदेत भारत सरकारने जात म्हणजे वंश नव्हे, अशी भूमिका घेतली. २००२ साली युनोच्या वंशभेद निर्मूलन समितीने, जन्मावर आधारलेल्या भेदभावात जातही येते, असे स्पष्ट केले. २०२३ च्या फेब्रुवारीत सिएटल शहराने जातिभेदाला बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसेच विधेयक मंजूर केले, पण ऑक्टोबरमध्ये तेथील गव्हर्नरांनी ते परत पाठवले. त्यांचे म्हणणे, आहे तोच कायदा पुरेसा आहे. एका गटाने एक बाजू मांडावी, दुसऱ्याने दुसरी. अर्ध्या तासाने बाजू बदलाव्यात. ज्याने 'घरचा प्रश्न' म्हटले त्याने आता 'जगाचा प्रश्न' म्हणून दाखवावे.

आमचे काही कार्यकर्ते विचारतील, आपल्या मुलांनी विरोधकांची बाजू कशाला मांडायची? आम्ही वकिली करतो. समोरच्याचा मुद्दा त्याच्याइतका नीट मांडता येत नसेल, तर तो खोडताही येत नाही. 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या भाषणाची दुसरी आवृत्ती १९३७ साली काढताना बाबासाहेबांनी त्यात गांधीजींची टीका छापली आणि तिला आपले उत्तर जोडले. विरोधकाचे म्हणणे त्यांनी लपवले नाही. मग आपली मुले त्याला का घाबरतील?

पण चर्चा म्हटली की सगळे समान झाले, असे समजण्यात मोठा धोका आहे. मुले गोलात बसली तरी गावातली उतरंड त्या गोलात येऊन बसतेच. एका मुलीने आम्हांला सांगितले की वर्गात भेदभावाचा धडा निघाला आणि सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. शिक्षकांनीही तिलाच उभे केले, "तू सांग, तुमच्याकडे काय अनुभव येतो?" ती काय बोलणार? तिला त्या दिवशी विद्यार्थिनी ठेवले नाही, धड्यातले चित्र केले. अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या रायसव्हिल या छोट्या गावात जेन इलियट या शिक्षिकेने १९६८ साली, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर, तिसरीच्या वर्गाचे डोळ्यांच्या रंगावरून दोन भाग पाडले. एक दिवस एक गट श्रेष्ठ, पुढच्या वेळी दुसरा. तो प्रयोग जगभर गाजला. पण त्या वर्गात सगळी मुले गोरी होती. खेळ संपला की अपमानही संपत होता. आपल्याकडे काही मुलांचा तो संपत नाही. शाळा सुटल्यावर तो त्यांच्याबरोबर पाणवठ्यापर्यंत येतो. म्हणून असले नाटक आपल्या वर्गात करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

यासाठी तीन नियम वर्गाच्या भिंतीवर लावावेत. कोणाला जात, धर्म, आडनाव यावरून मत विचारायचे नाही. कोणाला बोलायचे नसेल तर त्याने 'पुढे' म्हणावे, त्याबद्दल त्याला जाब विचारायचा नाही. आणि एकदा बोललेल्याने, सगळ्यांना संधी मिळेपर्यंत दुसऱ्यांदा बोलायचे नाही. हे तीन नियम नसतील तर चर्चेचा तास पुन्हा त्याच चार तोंडांचा होईल.

गुरुजी म्हणतील, वरून आदेश नाही. आदेश आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे कलम २९ उघडून पाहा. अभ्यासक्रम संविधानातील मूल्यांशी सुसंगत असावा, शिकणे कृतीतून व्हावे, मूल भीतीपासून मुक्त व्हावे आणि त्याला आपले मत मोकळेपणाने मांडता यावे, असे ते सांगते. हा कायदा चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. पण पंधराव्या वर्षी मुलाचे तोंड बंद करा, असे कुठलाच कायदा सांगत नाही. भारताने १९९२ साली मान्य केलेल्या बालहक्क कराराचे कलम १२ अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलाला, त्याच्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क देते. आणि गप्प राहण्याचाही हक्क आहे. १९८६ च्या बिजो इमॅन्युएल खटल्यात, राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहणारी पण श्रद्धेमुळे न गाणारी केरळातली तीन मुले शाळेने काढून टाकली होती. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. बोलण्याचे स्वातंत्र्य आणि न बोलण्याचे स्वातंत्र्य, दोन्ही मुलाला आहेत. शिक्षकाने दोन्ही जपावीत.

शाळा हे करतील तेव्हा करतील. त्यांची वाट पाहत आपली एक पिढी मुकी ठेवायची का? प्रत्येक वस्तीत विहार आहे, समाजमंदिर आहे, अनेक ठिकाणी अभ्यासिका आहेत. जयंतीच्या डीजेला वर्गणी निघते, तशी वर्तमानपत्रांसाठी आणि एका नकाशासाठीही निघू शकते. रविवारी सकाळी दोन तास आठवी ते दहावीची मुले बसवा. मुलगे आणि मुली सारख्या संख्येने बसवा. भाषण ठोकणाऱ्या पुढाऱ्याला त्या दोन तासांत बोलावू नका, बोलावलेच तर त्याला ऐकायला बसवा. पहिल्या रविवारी चिंचोके, दुसऱ्या रविवारी सुरक्षा परिषद, तिसऱ्या रविवारी बाजू बदलून वाद. चौथ्या रविवारचा विषय मुलांनाच ठरवू द्या.

'शिका' हा शब्द आपण प्रत्येक भिंतीवर रंगवला आहे. शिकलेल्या मुलाला विचारता आले पाहिजे, आणि त्याचा पहिला अवघड प्रश्न आपल्यालाच असेल, याची तयारी कार्यकर्त्यांनी ठेवावी.