जनीचा केर आणि शहराची भट्टी



गेल्या कार्तिकीला फडावर एका शिकल्यासवरल्या गृहस्थांनी मला गाठले. म्हणाले, "महाराज, शहराच्या कचऱ्याची आता चिंता नको. भट्टीत जाळायचा आणि वीज करायची. अग्नी सगळे पावन करतो, हे तर तुम्हीच कीर्तनात सांगता." आजूबाजूच्या चार माउलींनी माना डोलावल्या. हरिपाठाची वेळ झाली होती, म्हणून मी गप्प बसलो. आज बोलतो.

अग्नी पावन करतो हे खरे. पण होमात काय घालावे याला विधी आहे. समिधा निवडून घेतात, वाळवून घेतात. ओले लाकूड घातले की डोळ्यांत धूर जातो आणि मंत्र राहतो बाजूला. चपलेचा तुकडा होमात कोणी टाकत नाही. शहराच्या कचऱ्यात मात्र भाताचे उष्टे, भाजीचे देठ, गोळ्यांची पाकिटे, नळाचे तुकडे, रेक्झिनच्या पिशव्या, संपलेले सेल असे सगळे एकाच डब्यात असते, आणि त्यात निम्मे तरी ओले. ही कसली समिधा?

हा प्रयोग आपल्या देशात नवा नाही. 1987 साली दिल्लीत तिमारपूरला परदेशी तंत्राची भट्टी उभारली. रोज 300 टन कचरा जाळून वीज होणार होती. कचरा ओला आणि मातकट निघाला, त्यात जळण्याइतका कस नव्हता, आणि भट्टी बंद पडली. तरी धडा घेतला नाही. त्याच दिल्लीत ओखल्याला 2012 साली वस्तीच्या कुशीत दुसरी भट्टी सुरू झाली. तिथले रहिवासी त्याच्याही आधीपासून न्यायालयाचे उंबरे झिजवत होते. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये 25 लाखांची भरपाई ठोठावली, पण भट्टी चालू ठेवायला परवानगी दिली. म्हणजे दंडही झाला आणि धूरही राहिला. ओखल्याच्या भट्टीविरुद्ध बंगल्यांतले लोक उभे राहिले तसे कचरा वेचणारेही उभे राहिले, कारण ज्या कागद-प्लास्टिकवर त्यांची चूल पेटते तेच भट्टीला हवे असते. ते काढले तर उरलेल्या ओल्या घाणीला आग लागत नाही.

इथेच सगळी मेख आहे. भट्टी बांधली की तिला वर्षानुवर्षे रोज खायला घालावे लागते. मग घरोघरी ओले-सुके वेगळे करा असे सांगायला कोणाला उत्साह राहील?

आता धुराचे. क्लोरीन असलेले प्लास्टिक जळताना डायॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते चरबीत साठते, गाईच्या दुधातून आणि आईच्या दुधातून पुढे जाते. चांगली गाळणी लावली तर बरेचसे अडते, हे मी मान्य करतो. पण अडलेले विष नाहीसे होत नाही, ते गाळणीच्या राखेत बसते आणि ती राख पुन्हा कुठल्यातरी गावाशेजारी जाते. शंभर किलो जाळले तर वीस-पंचवीस किलो राख उरतेच. "जाळले की संपले" हे बोलणे म्हणूनच खोटे.

कोणी म्हणेल, साखर कारखाना उसाच्या चिपाडावर वीज करतो, त्यालाही विरोध करणार का? नाही. चिपाड एकजिनसी आहे, कारखान्याच्या आवारातच निघते, त्यात नळाचे तुकडे नसतात. दोन्हींना एकच गोड नाव देऊन आपल्या गळ्यात बांधतात, तिथे सावध असावे. दुसरे कोणी म्हणेल, उघड्यावर पेटलेला ढीग भट्टीपेक्षा वाईट. तेही खरे. पण ढीग आणि भट्टी या दोनच वाटा आहेत असे कोणी सांगितले?

माउलींची पालखी पुण्याहून निघाली की दिवे घाट चढण्याआधी उरुळी देवाची लागते. तिथला आणि शेजारच्या फुरसुंगीचा वास ज्याने वारीत घेतला नाही असा वारकरी विरळा. पुण्याने आपला कचरा तीस वर्षे तिथे नेला. विहिरी नासल्या. 2017 च्या उन्हाळ्यात ढिगाला आग लागली, तेव्हा दोन्ही गावांनी गाड्या अडवल्या आणि तीन आठवडे पुणे कचऱ्यात बसले. वर्तमानपत्रांना शहराची दुर्गंधी दिसली. एका वारीत तिथल्या एका म्हाताऱ्या माउलीने आम्हाला टँकरचे पाणी पाजले. म्हणाली, "विहीर आहे दादा, पण वारकऱ्याला कसं देऊ ते पाणी?"

इंद्रायणीकाठी, देहू आणि आळंदी यांच्यामध्ये, मोशीला 2023 पासून 700 टन क्षमतेची, 14 मेगावॅटची भट्टी चालू आहे. ती विष ओकते असे मी म्हणत नाही, माझ्याकडे पुरावा नाही. पण मागायचा हक्क आहे. धुराड्याचे आकडे मराठीत, मोठ्या अक्षरांत, आळंदीच्या घाटावर लावा. डायॉक्सिनचा नमुना कधी घेतला, कोणी तपासला, किती आला आणि राख कुठे गेली, तेही लिहा.

जनाबाईचा केर पांडुरंगाने स्वतः भरला असे आपण सांगतो. त्याने तो शेजारच्या गावच्या वेशीवर टाकला असे कोणत्याही कथेत नाही. पुण्यात कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या हजारो बाया 1993 पासून संघटित आहेत. 2008 पासून त्यांचीच सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करते, वेगळा करते. जनीचे काम त्या करतात. भट्टीला कोट्यवधी देताना कोणाचा हात आखडत नाही, यांच्या हातमोज्यांचा प्रश्न मात्र दरवर्षी निघतो.

आणि आपले काय? दिंडी पुढे गेली की मागे थर्माकोलच्या ताटल्यांचा सडा. ज्यांच्या वेशीवर शहराने ढीग रचला, त्यांच्याच रस्त्यावर आपण आणखी टाकून नामस्मरण करत पुढे जातो. आमच्या दिंडीत तीन वर्षांपासून प्रत्येकाजवळ आपले स्टीलचे ताट-वाटी असते. पहिल्या वर्षी कुरकुर झाली, ट्रकवाल्याने भांड्यांच्या वजनाचे जादा भाडे मागितले, दोघे रुसून दुसऱ्या दिंडीत गेले. उष्टे आता मुक्कामाच्या गावी ज्याचा उकिरडा असेल त्याला विचारून देतो. शेतकरी हसून घेतात. येत्या आषाढीला उरुळीच्या विसाव्यावर दिंडीचालकांनी एकत्र बसावे, आकड्यांच्या फलकाचे निवेदन तिथेच लिहावे, आणि खाली सही करताना प्रत्येकाने आपल्या दिंडीत ताटल्या कोणत्या आहेत तेही लिहावे.