'कबूल' म्हणून मोकळे होणारे

आपल्या समाजाला मोठे खटले तोंडपाठ आहेत. मालेगावात ८ सप्टेंबर २००६ रोजी बॉम्बस्फोट झाले, पकडली गेली ती आपलीच मुले, आणि मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त करायला २०१६ साल उजाडले. त्यावर आपण सभा घेतल्या, ठराव केले, वर्गणी जमवली, अग्रलेख लिहिले. करायलाच हवे होते. पण तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात, व्हरांड्यातल्या बाकावर सकाळी अकरापासून ताटकळणारी पोरे कोणाची आहेत? नळावरचे भांडण, रिक्षा स्टँडवरची हाणामारी, पत्त्यांच्या अड्ड्यावरचा छापा. त्यांच्यासाठी कोणती सभा झाली? आपल्या बहुतेक माणसांची कायद्याशी गाठ पडते ती या कोर्टात. आणि इथे आपली पोरे एका शब्दावर हरतात. तो शब्द म्हणजे 'कबूल'.

हा शब्द आपल्याला परका नाही. निकाहाच्या वेळी आपण तो किती जपून घेतो! वकील नेमतो, दोन गवाह बसवतो, मेहरची रक्कम मोठ्याने सांगतो, मगच 'कबूल आहे का' म्हणून विचारतो. कोर्टात मात्र तोच मुलगा वकील नसताना, आरोप नीट न ऐकता, पुढे काय होणार हे कोणालाही न विचारता 'कबूल' म्हणून मोकळा होतो. त्याला तसे सांगणारा माणूस कोर्टाच्या आवारातच असतो. कधी तो ओळखीचा पोलीस असतो, कधी टायपिंगच्या टेबलाशेजारचा दलाल, कधी आपल्याच मोहल्ल्यातला नगरसेवकाचा माणूस. 'कशाला तारखा खातोस? पाचशे रुपये दंड भर आणि घरी जा.'

घरी जातो तो दोषी ठरून. हे त्याला कोणी सांगत नाही.

कायदा काय म्हणतो ते पाहा. अशा लहान खटल्यात न्यायाधीशांनी आरोपीला आरोप सांगायचा, गुन्हा कबूल आहे का विचारायचे, आणि कबुली शक्यतो आरोपीच्याच शब्दांत लिहून घ्यायची. त्यावरून दोषी ठरवायचेच असे बंधन नाही, ते न्यायाधीशांच्या विवेकावर सोडले आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे होते, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. प्रत्यक्षात काय होते? नाव पुकारले जाते, पोरगा आत जातो, मान हलवतो, कागदावर सही करतो. त्याचे शब्द कुठेच नसतात. एकदा कबूल केले की दोषी ठरवल्याविरुद्ध अपीलही करता येत नाही. अपील उरते ते फक्त शिक्षा किती आणि ती कायद्याला धरून आहे का, एवढ्यापुरते.

सगळ्यात चीड येते ती याची, की बऱ्याच वेळा दुसरा रस्ता समोरच असतो. मारहाण, शिवीगाळ, धमकी ही पूर्वीची ३२३, ५०४, ५०६ ही कलमे (नव्या भारतीय न्याय संहितेत ११५, ३५२ आणि ३५१) आपापसांत मिटवता येतात. फिर्यादी आणि आरोपी दोघांनी कोर्टासमोर येऊन तडजोड केली, तर कायद्याने तिचा परिणाम निर्दोष सुटण्याचा होतो. निर्दोष! म्हणजे एकाच भांडणात, एकाच कोर्टात एक मुलगा 'कबूल' म्हणून दोषी ठरतो आणि दुसरा 'आमचे मिटले' म्हणून निर्दोष सुटतो. फरक इतकाच, की दुसऱ्यासाठी कोणीतरी फिर्यादीच्या दारात गेलेला असतो. आपल्याकडे लग्नाची बोलणी करायला पंचवीस माणसे जातात. इथे दोन जात नाहीत.

तडजोड होण्यासारखी नसेल आणि गुन्हा खरोखर केलेला असेल, तरीही एक अर्ज उरतो. १९५८ चा अपराधी परिवीक्षा कायदा पहिल्यांदा चुकलेल्या माणसाला समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची मुभा देतो, आणि असे सोडले तर दोषी ठरल्यामुळे लागणारी अपात्रता लागत नाही, असे त्याचे बारावे कलम सांगते. हा कायदा मागावा लागतो. दलाल तो मागत नाही.

माझा एक जुना विद्यार्थी, सातवी ते दहावी माझ्या वर्गात बसलेला, अशाच कबुलीचा धनी आहे. आखातात जायचे होते. केस चालू असेल तर पासपोर्ट अडतो, हे त्याला कोणीतरी सांगितले होते, आणि ते खरेही आहे. पासपोर्ट कायद्यात तशी तरतूद आहे. पण ज्या कोर्टात केस आहे तिथेच परदेशी जाण्याची परवानगी मागता येते, तशी केंद्र सरकारची १९९३ ची अधिसूचना आहे, ही बाकीची अर्धी गोष्ट त्याला कोणी सांगितली नाही. त्याने घाईने 'कबूल' म्हटले, दंड भरला. पुढे पोलिसांचा चारित्र्य दाखला मागायला गेला तर दाखल्यावर तो दंड हजर! एजंटाने पैसे परत केले नाहीत ते वेगळेच. कोकणातल्या आणि मराठवाड्यातल्या किती घरांत ही कहाणी आहे, ते वाचकांनी आपल्याच गल्लीत विचारून पाहावे.

कोणी म्हणेल, वकिलाची फी कोण देणार? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोठडीतल्या माणसाला, तसेच कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असले तरी सरकारी खर्चाने वकील मिळतो. बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे, आणि हातावर पोट असलेला मजूर त्या मर्यादेत सहज बसतो. तालुका विधी सेवा समिती त्याच कोर्टाच्या इमारतीत असते. दलालाच्या टेबलापासून तिचे दार वीस पावलांवर, पण तिथे जाणारा विरळा.

आता जामीन. अटकेनंतर चोवीस तासांच्या आत कोर्टापुढे उभे करायचे हे राज्यघटनेच्या बाविसाव्या कलमात आहे. तो पहिला दिवस सगळ्यात महत्त्वाचा, आणि त्याच दिवशी घरचे लोक पोलीस ठाण्याबाहेर पुढाऱ्याची वाट बघत बसतात. जामीन झाला तरी जामीनदार कोण? सातबारा हवा, ऐपतीचा दाखला हवा. गावात ज्यांची जमीन आहे ते 'कोर्टाच्या लफड्यात पडत नाही' म्हणतात. मोतीराम नावाच्या मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याला दहा हजारांचा जामीन मागितला होता, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो जामीनदार नाकारला होता. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७८ साली ते फेटाळले आणि त्याला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितले. पंचेचाळीस वर्षे उलटून गेली. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकड्यांप्रमाणे देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांतली ४,३४,३०२ कच्चे कैदी. म्हणजे चारांतल्या तिघांचा निकालच लागलेला नव्हता. जामीन मंजूर होऊनही सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला जानेवारी २०२३ मध्ये द्यावा लागला. यावरून काय ते समजा. जातमुचलक्यावर सोडा, रोख रकमेवर सोडा, असा अर्ज करता येतो. तोही मागावाच लागतो.

मागणार कोण? ज्याला कागद वाचता येतो तो. इथे मला माझ्याच बिरादरीशी, म्हणजे उर्दू माध्यमाच्या शिक्षकांशी भांडायचे आहे. जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी आहे. साक्ष आरोपीला समजत नसेल तर ती भर कोर्टात समजावून सांगितली पाहिजे असे कायदा सांगतो, पण समजत नाही हे सांगायला तोंड उघडावे लागते. आमची मुले दहावीपर्यंत मराठी शिकतात, तरी दोषारोपपत्राचे पान हाती पडले की घामाघूम होतात. खरे तर घाबरायचे कारण नाही. फिर्याद, जामीन, वकील, अर्ज, तारीख, हजर, नक्कल, कैद, मुद्देमाल. यांतला कोणता शब्द आमच्या घरात परका आहे? कोर्टाची मराठी अर्धी आमच्याच पदरची आहे! पण आम्ही मराठीच्या तासाला निबंध घोकून घेतो आणि नागरिकशास्त्राच्या तासाला न्यायालयाची उतरंड फळ्यावर काढतो. वर सर्वोच्च, मध्ये उच्च, खाली जिल्हा. तालुका कोर्ट फळ्याच्या खालच्या लाकडी पट्टीवर येते, तिथे खडू ठेवलेला असतो.

मी नववीच्या वर्गात एक तास घेतो. नाव-गाव खोडलेले एक दोषारोपपत्र वाचायला देतो. पोलिसांनी तपासात घेतलेल्या जबाबावर जबाब देणाऱ्याची सही घ्यायची नसते, हे मुलांना त्या दिवशी पहिल्यांदा कळते. साठ किंवा नव्वद दिवसांत दोषारोपपत्र आले नाही तर जामीन हा हक्क होतो, मात्र ते दाखल होण्याआधी अर्ज केला पाहिजे, हेही. तारखेला येता येत नसेल तर हजेरी माफीचा अर्ज द्यायचा, नाहीतर पुण्यात कामाला गेलेल्या पोराच्या नावाने वॉरंट निघते, हेही. त्यावर एका संस्थाचालकाने मला सुनावले, 'शरीफ घरच्या पोरांना कोर्टाचे काय शिकवता?' शराफतीची ही व्याख्या मला मान्य नाही. बापाने कधी कोर्टाची पायरी चढली नाही म्हणून मुलगा ती चढणार नाही, याची हमी संस्थाचालक देणार आहेत काय?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. तुम्ही गुन्हेगारांना पळवाटा शिकवता, असे आपल्यातलेच काही म्हणतात. ज्याने मारले त्याला शिक्षा व्हावी, माझे दुमत नाही. पण ती मोजून व्हावी, कायद्याने ठरवली तेवढीच व्हावी. वीस वर्षांच्या मुलाने एका थपडेसाठी पाचशे रुपये भरावेत आणि पुढे जन्मभर प्रत्येक अर्जातल्या त्या एका रकान्यापुढे अडखळावे, ही शिक्षा कोणत्या कलमात लिहिली आहे?

मोठ्या खटल्यांसाठी आपल्या जमातींकडे निधी आहे, तो राहू द्या. त्यातले थोडे तालुक्यात आणा. प्रत्येक जमातीने सातबारा असलेली पाच माणसे लिहून ठेवावीत, जी लहान गुन्ह्यात जामीनदार राहतील. तारखेच्या दिवशी एक शिकलेला मुलगा कोर्टाच्या व्हरांड्यात उभा करावा. त्याने वाद घालायचा नाही, भाषण करायचे नाही. आत जाणाऱ्या पोराला फक्त एवढे विचारायचे: वकील आहे का, कागद वाचलास का, आणि फिर्यादीकडे कोण जाऊन आले?